साहेबाने दिलेली टोपी

स्टेट कॉलेज गाव, अमेरिका. गुरुवार, नोव्हेंबर १९८४

हॉटेलवाल्या काकांनी आज किचनच्या किल्ल्या मला दिल्या. म्हणाले, "भांडीवाल्यांवर आता तू. उशिरा कोण आलं ते मला सांगायचं." मी खूश. सिंकवर भांडी घासणाऱ्या चिडीला दाखवल्या. तो नायजेरियाचा. हसला नाही.

म्हणाला, "इंग्रजांचा गव्हर्नर लांब शहरात, खाली जिल्ह्याचा साहेब. गावात येतो कोण? आमच्यात राजा कधी नव्हताच, तर माझ्या आजोबांना कागद आणि टोपी देऊन राजा केलं." म्हणजे पाटीलच म्हणायचा. रस्त्याच्या कामाला माणसं आजोबा धरून द्यायचे. रस्ता साहेबाचा, शिव्या आजोबांना.

"मग टोपी परत द्यायची ना."

"तू किल्ल्या देशील?"

मी किल्ल्या खिशात टाकल्या. सातवी नापासाला दुसरं कोण काय देणार?

संध्याकाळी काकांनी विचारलंच. बस चुकल्याने चिडी वीस मिनिटं उशिरा आला होता. मी नाव सांगितलं. का सांगितलं? काका म्हणाले, "उद्यापासून नको म्हणावं त्याला. तूच सांग."

किल्ल्या खिशात टोचतायत, तरी काढून ठेवल्या नाहीत. सकाळी दार मीच उघडणार. उद्या तो वेळेवर येईल.