साक्षीत गाळलेली ओळ

बुधवार, १८ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. मंडळीच्या रीतीप्रमाणे एकेकाने उभे राहून सांगितले, उपवासकाळाचे चाळीस दिवस काय सोडणार. कोणी चहा, कोणी मटण, कोणी मोबाईलवरच्या मालिका. योहानमामांनी तंबाखू. ती ते गेली अकरा वर्षे दर उपवासकाळी सोडतात.

मग सेनगावाकडच्या गोरेगावची चंद्रकला उठली. शेळ्यामेंढ्यांचे घर, त्या घरातून मंडळीत येणारी ती एकटीच. म्हणाली, "मी मनाच्या गोळ्या सोडते." टाळ्या झाल्या. पाळकसाहेबांनी हालेलूया म्हटले. मीही टाळी वाजवली. हात आधी पोचले, अर्थ मागून आला.

पुढे म्हणाली, "बाईंनी सोडल्या, देवानं त्यायला उभं केलं. मंग मी काहून न्हाई?"

साऱ्यांची तोंडे माझ्याकडे. मी मान खाली घातली. लोकांनी ती नम्रता मानली.

मी गोळ्या सोडलेल्या नाहीत.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

सकाळी भाकरीनंतर दोन गोळ्या. एक साखरेची, एक मनाची. पहिली फळीवर उघडी असते. दुसरी पेपरमिंटच्या डबीत. बहात्तराव्या वर्षी, ते सुद्धा तीस वर्षे वर्गात "लपवाछपवी करू नका" म्हणून सांगितल्यावर…

हे गेले, त्यानंतरचे सात महिने प्रथमच कागदावर मांडते. पलंगावरून उठणे नाही. प्रार्थना ओठांवर, आत नुसती माती. लेकीने धरून हिंगोलीला दवाखान्यात नेले. बाकावर समोर हीच चं. (चंद्रकला) बसलेली, सासूसोबत. तिने हात जोडले, "सलाम बाई." मी पदर ओढून भिंतीकडे पाहिले. पुढच्या महिन्यापासून लेक परस्पर औषध आणू लागली.

बरी झाले. गेल्या वर्षी उपकारस्तुतीच्या सणाला मंडळीसमोर साक्ष दिली, देवाने कसे बरे केले त्याची. पाच वेळा लिहून काढली होती. तीत अंधार होता, देवाचा हात होता, उजेड होता. डॉक्टर नव्हते. पहिल्या खर्ड्यात ती ओळ होती, मीच खोडली. शास्त्र शिकवणारीचे मन ढासळले, इथवर कबूल करता आले. ते औषधाने सावरले, हे म्हणायला जीभ वळेना. शब्दरचना सुंदर होती. लोक रडले. आणि चं. ने आपल्या मनाशी जुळवले: बाई रांगेत होत्या, आता रांगेत दिसत नाहीत, देवाने बऱ्या केल्या. तिच्या जुळवण्यात चूक नाही. चूक माझ्या हातची आहे.

रविवार, २२ फेब्रुवारी

उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठले. सगळे सांगितले. ते गीतपुस्तके रचता रचताच बोलले.

"बाई, त्या साक्षीनं चार घरं मंडळीत आली. आता मागं घेता? साक्ष मागं घ्यायची आपल्यात रीतच न्हाई."

"खोटी द्यायची आहे का?"

"खोटी कशी? देवानंच बरं केलं न्हाई का तुमाला?"

"देवानेच. गोळीच्या हातून."

"लोकायला येवढं बारीक कळत न्हाई. ईस्टर होऊ द्या."

"तोवर ते लेकरू काय करील?"

"विश्वासाचा प्रश्न हाय, बाई."

"मग पुढच्या रविवारी चष्मा काढून वचन वाचा. मी प्रार्थनेला उभी राहते."

हसले नाहीत. माणूस वाईट नाही. कोणी आजारी म्हटले की थंडीवाऱ्यात मोटारसायकल काढतो. पण टाळ्यांची चव लागली आहे. मला कळते. मलाही लागली होती.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

जीपने गोरेगाव. तिथून चं. चा दीर वस्तीवर घेऊन गेला. सासूने अंगणातच धरले.

"तुमचा देव तुमच्यापाशी, माजं काई म्हननं न्हाई. पर हिच्या गोळ्या काहून बंद केल्या? चार रात्री झाल्या, डोळ्याला डोळा न्हाई. शेळीचं दूध काढता काढता रडून राहिली. तुमी मास्तरीण ना? मंग शिकवलं काय?"

मी चपला काढून ओसरीवर बसले.

चं. चहा घेऊन आली. डोक्यात मधूनच वीज चमकल्यागत होते म्हणाली, तरी चेहऱ्यावर हट्टाचे हसू. मी सांगितले: मी गोळी सोडलेली नाही, आज सकाळीही घेतली. डबी उघडून दाखवली.

"परीक्षा पाहून राहिल्या व्हय माझी? बाई, मंडळीत उभं राहून सांगितलं ते खरं. आंगणात बोललेलं कोण धरतं?"

किती समजावले. मान हलवत राहिली. माझ्याच साक्षीतली वाक्ये तिने मला म्हणून दाखवली. तोंडपाठ!

परतताना हरभऱ्याच्या पोत्यावर बसून आले. ठरले. जिथे गाळली तिथेच भरावी लागेल.

रविवार, १ मार्च

पाळकसाहेबांनी आज साक्षीची वेळच ठेवली नाही. त्याऐवजी दोन गीते जास्त, दुसऱ्याची सातही कडवी. चं. मागे भिंतीला टेकून. तोंड हलत नव्हते. मी हात वर केला. पाळकसाहेबांनी मला पाहिले आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. प्रार्थनेआड लपलेला माणूस मला लांबूनही ओळखू येतो. वर्षभर आरशात पाहिला आहे.

रविवार, ८ मार्च

निवेदने चालू असताना उठले. परवानगी मागितली नाही. वचनवाचनाच्या माझ्या जागी जाऊन उभी राहिले. हातात कागद नव्हता.

म्हटले, "माझ्या साक्षीतली एक ओळ मी गाळली होती. ती अशी: हिंगोलीच्या डॉक्टरांनी मला मनाच्या आजाराची गोळी दिली, ती मी रोज घेते, आणि देवाचे आभार मानून घेते." सकाळची मुद्दाम राखून ठेवली होती. काढली, पाळकसाहेबांच्या पेल्यातल्या पाण्याने सर्वांदेखत गिळली.

मग शास्त्र. तो थकलेला संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने त्याला उपवास सांगितला नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले. मरणाच्या दारी टेकलेल्या राजाच्या गळवावर अंजिराचा लेप लावा म्हणणाराही संदेष्टाच. हे शरीर देवाचे मंदिर म्हणता, आणि त्याचा खांब काढून त्यालाच अर्पण करता? कोणत्या अध्यायात आहे ते मला दाखवा.

कुजबुज. मधूनच एक आवाज, "मंग आमी वर्षभर काय ऐकलं?"

"अर्धे," मी म्हटले.

योहानमामा म्हणाले, "बाई, आज समदेच खरं बोलाया लागले तर माझ्या खिशाचं कसं?" हशा पिकला. पाळकसाहेब सोडून.

चं. माझ्याकडे पाहत नव्हती. रिकाम्या पेल्याकडे पाहत होती.

मंगळवार, १० मार्च

मंडळीच्या पंचांची चिठ्ठी. निर्णय होईपर्यंत वचनवाचन व बुधवारचा शास्त्राभ्यास आपण घेऊ नये. सहा सह्या, त्यांतले चौघे माझ्याच वर्गात शिकलेले. चिठ्ठीच्याच पाठीवर उत्तर लिहून परत दिली: "पोचली. वाचन थांबवते. गोळी थांबवणार नाही. ती ओळ पुन्हा गाळणार नाही."

एकोणीस वर्षे वाचले त्या जागेवरून. वाईट वाटते. दुपारी रडलेही. पण रडून उठले, मेथी निवडली, जेवले. दुःख वेगळे आणि तो आजार वेगळा. दोन्ही भोगल्यावर आता ओळखता येतात.

पाळकसाहेब येऊन गेले. दारातच उभे. "बाई, आईला बी दाखवावं म्हणतो त्या डॉक्टरला. कोणाला बोलू नका." मी म्हटले, मी आता काहीही न बोलण्याचे वचन देत नसते. तरी दवाखान्याचा वार सांगितला.

शुक्रवार, १३ मार्च

काल सासूचा फोन. "तोंड भिंतीकडं करून बसली. अन्न न्हाई, बोलणं न्हाई." आज तिघी हिंगोलीला. तोच बाक. पदर खांद्यावरच ठेवला. गुडघ्यासाठी आलेल्या मंडळीतल्या एक बाई दिसल्या, दुसरीकडे पाहू लागल्या. मीच हाक मारली, "सलाम! मनाच्या डॉक्टरांकडे आले आहे, तुम्ही?" लंगडत्या गुडघ्याने इतक्या वेगाने जाता येते हे ठाऊक नव्हते.

डॉक्टर चं. वर रागावले नाहीत. म्हणाले, हळूहळू पुन्हा सुरू करू. गोळ्यांचे पाकीट तिच्या हाती दिले. तिने मूठ मिटली ती एसटीत उघडली नाही. सेनगावच्या अलीकडे पहिल्यांदा बोलली.

"बाई, मी मंडळीसमोर शब्द दिला देवाला. मोडला तर?"

"मोड. विचारील तेव्हा माझे नाव सांग."

"तुमी भीत न्हाई देवाला?"

"भिते. म्हणूनच सांगते."

मूठ मिटलेलीच.

शनिवार, १४ मार्च

दिवसभर फोनजवळ. संध्याकाळी सासूचा आला.

"घेतली का?" मी विचारले.

"न्हाई बाई. पाकीट उजव्या मुठीत, झोपेत बी सोडलं न्हाई. पर आत्ता भाकर मागितली. डाव्या हातानं खाऊन राहिली! घरचे बोलून राहिले, असं अन्नाला डावा हात… सांगू का तिला, मूठ सोड म्हणून?"

"नका सांगू. खाऊ द्या."

"डाव्या हातानं?"

"डाव्या हाताने. आणि कोणी बोलले तर माझ्याकडे पाठवा."