शेवटी उठेल त्यानं कंदील विझवावा

आरमोरी,
५ जानेवारी २०२५

चि. सौ. रंजीता हीस हेमराजभाऊचे अनेक आशीर्वाद.

धानाची मळणी आटोपली. कान आता पुरते गेले. तुझी वहिनी म्हणते, या घरात भांडायचं म्हटलं तरी कागद-पेन घेऊन बसावं लागते.

पत्रास कारण की, आपला पार बंद होतोय. खाणीनं धामणझरी उठवली आणि सगळे वरोरा, चामोर्शी, नागपूर असे पांगले, तेव्हा शेजारच्या संघपालनं इंटरनेटवर हा पार मांडून दिला होता. रीत गावातलीच ठेवली होती. कोणीही यावं, विषयाचा धागा काढावा, हवं ते बोलावं, आणि शेवटी उठेल त्यानं कंदील विझवावा. आपला शिंपी नूर मोहम्मद बहुतेक शेवटी असायचा. ‘कंदील विझवतो’ एवढंच लिहून उठायचा.

ज्या कंपनीच्या जागेवर पार होता ती कंपनी ३१ तारखेला जुनी सेवाच बंद करतेय. संघपालला विचारलं, तर म्हणाला, काका, आता असलं काही कोणी वापरत नाही. खरं आहे. सगळे मोबाईलच्या ग्रुपवर गेले. वर्षभरात नवे सभासद आले ते वजन उतरवायच्या गोळ्या विकणारे. मी सकाळी उठतो आणि त्यांच्या जाहिराती पुसतो. माणसं नसलेल्या गावात कोतवाली करावी तसं. जुने फोटोही गेले, त्यांच्या जागी राखाडी चौकोन दिसतात.

ग्रुपवर व्हिडिओ नाहीतर बोलणं भरून टाकतात, मला मोबाईल काय कामाचा, तुला माहीत आहे. माझं बोलणं-ऐकणं तेवढंच होतं. नूर होळीपासून आलेला नाही. तू वरोऱ्यातच आहेस, तर त्याच्या दुकानात जाऊन ये. रागावला असेल तर काऊन, ते विचार. आणि बंद व्हायच्या आधी एकदा येऊन कंदील त्यानंच विझवावा, असा माझा निरोप दे.

जावईबापूंना नमस्कार. माया असू दे.
तुझा,
हेमराजभाऊ


वरोरा,
१२ जानेवारी २०२५

ती. भाऊस रंजीताचा सा. न. वि. वि.

नूरभाऊकडे जाऊन आले. ब्लाउज शिवायला टाकायच्या निमित्तानं गेले, तर म्हणाला, बाई, तू माप जुनंच सांगून राह्यली, टेप काही ऐकत नाई. म्हणजे तब्येत बरी आहे.

मग तू विचारायला सांगितलं होतं ते विचारलं. गावच्या ग्रुपवर कोणीतरी त्याच्या लोकांविषयी एक घाणेरडा व्हिडिओ टाकला होता. तेव्हा तो गप्प राहिला. पुन्हा एक आला, तेव्हा त्यानं लिहिलं की मीपण इथीच आहो, माहीत आहे ना? त्याच्या खाली लगेच कोणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक आला आणि शुभेच्छांची रांग लागली. तो ग्रुपमधून निघाला. का निघाला, हे कोणी विचारलं नाही. त्यानं मोबाईलच पोराला, सैफला देऊन टाकला.

मी म्हटलं, पण पारावर तर असं नव्हतं. तो म्हणाला, पारावर भांडलो तर दुसऱ्या दिवशी तेच तोंड समोर राहे, आणि काल काय बोललो तेही तिथीच लिहून राहे, म्हणून माणूस जरा शरमे. इथी सारं वर सरकून जाते. पण माणसं तर तीच आहेत ना बाई, मग पारावर तरी कोणत्या तोंडानं बसू?

बंद होतोय हे ऐकल्यावर मात्र त्यानं कैची खाली ठेवली. मग म्हणाला, हेमराज मास्तरले मीच लिहितो.

तिळाच्या वड्या वेगळ्या पाठवते. वहिनीला सांग, तुझ्याशी भांडायला कागद कमी पडला तर इथून पाठवीन.
तुझी,
रंजीता


वरोरा,
१५ जानेवारी २०२५

प्रिय हेमराज मास्तर यास नूर मोहम्मदचा सलाम. वहिनींना नमस्कार.

तुझ्यावर राग नव्हता. तुला सांगावंसं वाटलं नाही, एवढंच.

एक काम आहे. पारावर कब्रस्तानाचा धागा होता. आपले बापूजी कोतवाल तुझ्याजवळ बसून सांगत गेले आणि तू टंकत गेलास, आठवते? रस्त्याच्या मोरीवर उभं राहिलं तर चिंचेचं झाड कुठं, झाडापासून अम्मीची कबर कोणत्या अंगाला, सगळं त्यात आहे. आता तिथं खाणीच्या मातीचा डोंगर आहे. दर शब-ए-बरातला मी त्या मोरीवर जातो, मोबाईलवर बापूजींचं लिहिलेलं उघडतो, त्याप्रमाणे तोंड करतो आणि अम्मीच्या नावानं फातिहा पढतो. मला ते पाठ नाही. दरवर्षी वाचायला मिळे, म्हणून पाठ केलं नाही.

सैफनं उघडून पाहिलं. माझा पासवर्ड चालत नाही आणि सभासदाशिवाय आतलं काही दिसत नाही. कुलूप तूच काढू शकतोस. ते जमत नसेल तर बापूजींचं तेवढं बोलणं एका कागदावर उतरवून पाठव. यंदा शब-ए-बरात १३ फेब्रुवारीला आहे. रंजीताबाईला हे सांगितलं नाही. अम्मीची गोष्ट आहे, तुलाच सांगावी वाटली.

कुलूप निघालं तर येईन. कंदीलही विझवीन.

पाकिटावर तुझ्या नावापुढे धामणझरी लिहिलं. किती वर्षांनी लिहिलं. बरं वाटलं.
तुझाच,
नूर


आरमोरी,
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रंजीता हीस अनेक आशीर्वाद.

नूरचं पत्र आलं नाही. पोस्टमन वारलूला रोज विचारत होतो. शेवटी तो लांबूनच हात हलवू लागला.

३१ तारखेला सकाळपासून बसलो. ‘कंदील विझवतो’ असं मीच लिहावं, असं मनात आलं होतं. पण ते त्याचं काम. अजून येईल, अजून येईल, म्हणून थांबलो. जेवून आलो तर पार नव्हता. पान सापडत नाही, अशी इंग्रजीत एक ओळ होती.

संघपालनं आधीच विचारलं होतं की काका, सगळं उतरवून ठेवायचं का? मी नको म्हटलं. नूरसुद्धा येत नाही, मग मागणारं कोण आहे, आणि ठेवायचं कोणासाठी? गाव उठलं तेव्हा आपण निदान दारं-खिडक्या काढून नेल्या होत्या. यावेळी तेवढंही केलं नाही.

सकाळी सवयीनं लवकर जाग येते. पुसायला जाहिरातीही नाहीत.
तुझा,
हेमराजभाऊ


आरमोरी,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय नूर यास सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. तू धामणझरी लिहिलंस आणि सवयीनं गावाचा जुना पिनही घातलास. आरमोरी खाली बारीक अक्षरात होतं. ते आधी गावाकडे गेलं, कुठंकुठं पडून राहिलं. कोणीतरी लाल पेनानं ‘असे गाव नाही’ लिहून इकडे धाडलं.

पार गेला, नूर. मी काही ठेवलं नाही. संघपालला विचारलं, कंपनीला लिहिलं. उत्तर यंत्राचं आलं, त्यात माझे आभार मानले होते.

मीच टंकलं होतं, तेव्हा आठवेल असं वाटलं. रात्रंदिवस तेच आठवतोय. बापूजींचं आणि माझं त्यावरून भांडण झालं होतं. एकजण म्हणत होता कबर चिंचेच्या उजव्या अंगाला, दुसरा म्हणत होता डाव्या. बापूजी चिडून म्हणाले, मास्तर, माती मी टाकली, तुमी नाई. हे शब्द जसेच्या तसे कानात आहेत. पण उजवं कोण म्हणत होतं आणि डावं कोण, ते आठवत नाही. धाग्यात शेवटी मी माझी चूक कबूल केली होती. कोणती, ते तिथंच राहिलं. बापूजींना विचारावं तर ते गेल्या वर्षीच गेले.

मी संघपालच्या फोनवरून निरोप धाडला म्हणून रंजीतानं ग्रुपवर विचारलं, कोणाला ते आठवतं का. दोघांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

जमलं तर जवळचा समज.
तुझा,
हेमराज


वरोरा,
१५ फेब्रुवारी २०२५

हेमराज मास्तर यास सलाम.

पत्र वेळेवर मिळालं. परवा मोरीवर जाऊन आलो. सैफ सोबत होता. मातीचा डोंगर आणखी चढला आहे. मोरीही अर्धी त्यात गेली. यापूर्वी सैफ कधी आला नव्हता, म्हणून त्यानं विचारलं की अब्बा, दादी कुठी आहे? मी हात उचलला, पण कुठं धरू ते कळेना. मग सगळाच डोंगर दाखवला.

उजवीकडे तोंड करून एकदा पढलो आणि डावीकडे करून एकदा. अम्मीला पोचलं की नाही, ठाऊक नाही. दरवर्षी तिथून निघताना जरा हलकं वाटे. यावेळी सैफच म्हणाला, चला आता.

तू स्वतःला दोष देऊ नको, असं लिहायला बसलो होतो. लिहवत नाही, मास्तर. माझाही अर्धा दोष आहे, पण तेही लिहून काही होत नाही.

पाकिटावरचा पत्ता सैफकडून लिहवून घेतला. गावाचं नाव घातलेलं नाही. फक्त आरमोरी, आणि पिन आरमोरीचा. लवकर पोचेल.

कंदील विझवतो.
नूर मोहम्मद