पंप कधी बंद करायचा

नागपूर,
५ एप्रिल १९८८

ती. शोभाताईंना आनंदचा नमस्कार.

रामटेकला तुमचे गुडघे आणि महादेवरावांची कुरकुर, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून लिहितो. मी ठीक आहे. प्रेमिला गेल्यापासून लोक भेटले की ‘ठीक आहात ना?’ असं विचारतात, आणि त्या विचारण्यातच ‘हो’ म्हणा अशी विनंती असते, म्हणून ठीक आहे.

पत्रास कारण आपला कुलर. (हसू नका.) तुम्हाला ठाऊकच आहे की नागपूरच्या उन्हाळ्यात कुलरशिवाय माणूस जगत नाही आणि कुलरजवळ धड झोपत नाही. वाळ्याच्या ताट्यांवर पंपाचं पाणी सारखं पडत राहिलं की खोली दमट होते, उशी ओली लागते, सकाळी सांधे धरतात. पंप बंद ठेवला की तोच पंखा भट्टीची हवा फेकतो. ही तारेवरची कसरत आपल्या घरी प्रेमिला करायची. केव्हा उठायची, केव्हा बटण दाबायची, मला पत्ता नसे. मला कधी उकडलं नाही आणि कधी ओलही लागली नाही, एवढंच मला ठाऊक. आता गोपिकेचं पहिलं बाळंतपण मे महिन्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही मी तुम्हाला सांगायला नको. पण अकोल्याहून विहीणबाईंचं पत्र आलं (बाई सज्जन आहेत, भाषाही गोड होती) की तुमच्याकडे बाईमाणूस नाही आणि नागपूरचा मे म्हणजे ओल्या बाळंतिणीला आणि बाळाला सोसणार नाही, तेव्हा आम्ही इथंच करतो. गोपिकेनं ट्रंककॉल लावला. तीन मिनिटांतली दोन ती नुसती मुसमुसत होती. शेवटी म्हणाली, “बाबा, मले आईच्याच खोलीत यायचं आहे.” मी त्याच दिवशी विहीणबाईंना लिहिलं की खोलीच्या गारव्याची जबाबदारी माझी, त्यासाठी मी स्वयंचलित यंत्र करतो आहे. बाईमाणसाच्या मुद्द्यावर मी काही लिहिलं नाही. तो मुद्दा माझ्या हातातला नव्हता, यंत्र होतं.

हे यंत्र म्हणजे एक चिप. बोटभर लांबीचा चाळीस पायांचा काळा किडा समजा. त्याला सांगून ठेवलं की तो आपसूक पंप चालू-बंद करतो. प्रश्न इतकाच, की त्याला सांगायचं कोणत्या भाषेत. रविवारी रामदासपेठेत आमची इलेक्ट्रॉनिक्सची हौशी मंडळी जमते, तिथं मी हा प्रश्न दिवाळीत मांडला आणि होळीपर्यंत तो तिथंच बसून राहिला. टेलिफोन खात्यातले रुपराव म्हणजे असेंब्लीचे भक्त. त्या भाषेत चिपच्या पायापायाला हाक मारून काम सांगावं लागतं. निवृत्त गणित-मास्तर दत्तोपंत सीचे अभिमानी. सीमध्ये माणसानं माणसासारखं लिहायचं आणि मग कंपायलर नावाचा दुभाषी ते चिपच्या आकड्यांत उतरवून देतो. हा दुभाषी दत्तोपंतांच्या पुतण्यानं पुण्याहून फ्लॉपीवर पाठवला होता, आणि घरात पाहुणा जावई असावा तसं ते त्याचं कौतुक करत. रुपराव त्यावर म्हणाले, “मले कंपायलर काहून पायजे? माह्या चुका काढाले बायको हाय नं घरी.” सगळे हसले, मीही हसलो. मग रुपरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि उगाच चहा मागवला.

आधी असेंब्ली झाली. रुपरावांनी सगळं हातानं लिहिलं, हातानंच आकडे काढले आणि चिपमध्ये भरले. त्यात एक आकडा उलटा पडला. पंप बंद असायचा तेव्हा चालू आणि चालू असायचा तेव्हा बंद. कुलरची टाकी दिवाणखान्यात रिकामी झाली. चिपमधलं लिहिलेलं पुसायला तिच्या पाठीवरच्या काचेतून कडक ऊन लागतं, म्हणून मी ती गच्चीवर ठेवली. शेजारच्या वच्छलाबाईंनी तिथं कुरड्या वाळत घातल्या होत्या. त्यांनी फडकं गोळा केलं त्यात चिपही गेली, आणि तळणाच्या दिवशी सापडली. (पुसली मात्र स्वच्छ गेली होती.) मग दत्तोपंतांचा दुभाषी बसला. आम्ही दिलेल्या चार ओळींचं त्यानं असं काही पाल्हाळ केलं, की ते चिपमध्ये मावेना. पाहुणा जावई आणि त्याचं सामान! दत्तोपंत आठवडाभर बोलले नाहीत. शेवटी बेसिक नावाची सोपी भाषा पोटातच घेऊन आलेली चिप मागवली. तिला कंपायलर नको, लिहा आणि चालवा. माझ्यासारख्याची ही भाषा, असं दोघांनीही मोठ्या मनानं मान्य केलं.

मी लिहायला बसलो आणि तसाच बसून राहिलो. रुपराव शेजारीच होते. म्हणाले, “इतके दिवस भाषा शोधून राहिलो आपण, आनंदराव. पण तिले सांगाचं काय? पंप कवा बंद करायचा?”

ताई, मला सांगता आलं नाही. घड्याळ बघून ती करत नव्हती. दुपारी कधी अर्धवट जाग आली तर ती पलंगाशी उभी दिसायची, उलटा हात चादरीवर टेकवून. मग बटणाचा आवाज यायचा आणि मी पुन्हा झोपायचो. किती ओल म्हणजे पुरे, ढग आले तर काय, लू सुटली तर काय, हे सगळं तिच्या हातात होतं आणि हाताबरोबर गेलं. दत्तोपंत म्हणाले, ठराविक वेळ चालू, तेवढाच वेळ बंद, असं ठेवून बघू. ठेवलं. यंत्र अगदी बिनचूक चाललं. परवा दुपारी परीक्षा म्हणून दत्तोपंत त्या खोलीत झोपले. उठले तेव्हा शिंकत होते, आणि उशाशी ठेवलेलं वर्तमानपत्र फडक्यासारखं लोंबत होतं. त्या अंथरुणावर बाळ कसं ठेवणार? मी यंत्र काढून कपाटात ठेवलं. आता दुपारी जागा राहतो आणि चादरीला हात लावून बघतो. मला ती दर वेळी सारखीच लागते.

असो. महादेवरावांना नमस्कार. उन्हाचं जपा.

तुमचा,
आनंद

ता. क. मे-जून दोन महिने तुम्ही इकडे याल का? विहीणबाईंचा पहिला मुद्दा त्याशिवाय सुटत नाही. महादेवरावांनाही आणा, त्यांना कुलर आवडत नाही हे ठाऊक आहे, पण कुरकुर करायला रामटेकपेक्षा नागपुरात जास्त विषय मिळतील.

ता. क. २. तुम्ही येणार असं मी विहीणबाईंना गेल्याच आठवड्यात कळवून टाकलं. त्यांचा होकार काल आला. गोपिका सामान बांधते आहे. रागवायचं असेल तर आल्यावर रागवा.

ता. क. ३. दुपारी पंपाचं तुम्हीच बघा. तुम्ही दोघी बहिणी एकाच घरात वाढलात, तुम्हाला ते येत असणार. मी बाजूला बसून बघेन, विचारणार काही नाही. यंत्रासाठी आता नको आहे. मला बघायचं आहे.