दुखऱ्या बोटाला मिळालेली चांदणी

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. लॉन्ड्रीतलं कामही बरं चाललंय. संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाचा मात्र मला वीट आलाय.

पोरांच्या शाळेतल्या इवल्याशा बाकांवर आम्ही एवढे मोठे घोडे बसतो. उत्तर बरोबर आलं की बाई टाळ्या वाजवायला लावतात आणि वहीत चांदणी चिकटवतात. या वयात चांदणी, शी!

काल डॉक्टरला तक्रार सांगायचा धडा होता. बाई डॉक्टर, आम्ही पेशंट. माझ्या शेजारी बसणाऱ्या गवंडीकाकांनी हात पुढे केला आणि इंग्रजीत म्हणाले, "माझं बोट दुखतंय." बोट खरंच सुजून काळंनिळं झालं होतं, त्यात पू झाला होता. बाईंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. "अगदी बरोबर!" म्हणाल्या, चांदणी चिकटवली आणि पुढच्याकडे वळल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई, मीही वाजवल्या. घरी येऊन दोनदा साबणाने हात धुतले, तरी किळस जाईना.

आज रजा टाकून काकांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर बोट बघून चिडलेच. "इतके दिवस कुणाला सांगितलं नाहीत?"

काकांनी पिशवीतून वही काढली आणि चांदणी दाखवली.

भावजींचा गुडघा कसा आहे ते खरं कळव, नुसतं 'बरं आहे' नको. आणि वरचं ते 'ठणठणीत' खोडून टाक. महिना झाला, खोकला जात नाहीये.

तुझी धाकटी