आडमापाच्या चौकटी

३ फेब्रुवारी

लंबूच्या एका चित्राचा खरा खर्च मांडून पाहिला. कागद – वीस. रंग – फार तर तीस, कारण पाणीच जास्त घालतो. ब्रश नातवाचा. वेळ निवृत्त माणसाचा, म्हणजे फुकट. एकूण पन्नास. मागतो दोन हजार! मधले एकोणीसशे पन्नास कशाचे? मैत्रीचे.

हौसेला मोल नसतं म्हणतात. मग मोल मागता कशाला?

संध्याकाळी दुकानात आला तो हेच घेऊन. त्याची नेहमीची खुर्ची, काचांच्या मांडणीला पाठ. तीस वर्षं मी चौकटी ठोकतो आणि तो तिथं बसून बोलतो. कचेरीत हेडक्लार्क होता तेव्हा निदान साहेबांच्या भानगडी तरी कळायच्या. आता आभाळाच्या निळ्या रंगात किती प्रकार ते कळतं. पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या वरच्या खोलीत प्रदर्शन भरवणार म्हणे. मित्रांनी एकेक चित्र घ्यायचं. "तुम्हीच नाही घेतलंत तर कोण घेणार?" म्हणाला.

बरोबर. कोणीच नाही घेणार. उत्तर स्वतःच देऊन बसला, त्याला कळलंही नाही.

आणि 'दोन हजार' म्हणताना आवाज खाली गेला त्याचा. माझे कान दुकानदाराचे आहेत. माल चांगला असला की किंमत सांगताना आवाज पडत नाही.

५ फेब्रुवारी

मला वाटलं होतं, निदान चौकटींचं काम तरी माझ्याकडे येईल. आडून विचारलं. तर म्हणाला, चौकटी आहेत घरात, माळ्यावर पडून, काचेसकट. गावात चौकटीवाला मित्र असताना हा माळ्यावरची अडगळ वापरणार! कोपरे उघडले असतील, पट्ट्यांना वाळवी लागली असेल. बरंच झालं. चित्राला शोभेल.

८ फेब्रुवारी

मोबाइलवर आमच्या कंपूत डेंटिस्टचा निरोप. आपल्या माणसाच्या कलेला आपणच हात द्यायचा, वगैरे. लिहिणारच तो. दोन वर्षांपूर्वी स्वतःचा कवितासंग्रह त्यानं असाच खपवला. माणूस खुर्चीत, तोंडाचा आ, त्यात आरसा आणि चिमटा. अशा वेळी विचारायचा, "एक प्रत ठेवू का बाजूला?" नाही कसं म्हणणार? मी दाढेच्या कळेनं हुंकार दिला, त्यानं तो होकार धरला. बिलात लावलं पुस्तक. दाढ गेली, कविता राहिली.

भीड ही भिकेची बहीण. आमच्या कंपूत दोघी एकाच घरात राहतात.

९ फेब्रुवारी

ही म्हणते, एक घेतलंत तर काय बिघडेल, भाऊजी किती वर्षांचे आपले. बिघडेल! आज चित्र, उद्या कोणाची बासरी, परवा कोणाच्या बायकोनं भरलेल्या उशा.

मी कधी कोणाकडे असा गेलो? दुकान काढलं तेव्हा पहिली खरेदीच फसली होती. बंद पडलेल्या कारखान्याच्या खिडक्यांच्या काचा. हिरवट, आडमाप – चौदा बाय सव्वाएकोणीस. स्वस्त म्हणून उचलल्या. त्या मापाचं चित्र जगात कोणी काढत नाही हे नंतर कळलं. कापायला गेलं की तडकायच्या. शेवटी त्याच मापाच्या चौकटी करून भिंतीला टेकवून ठेवल्या. येणारा बघायचा, बोटानं धूळ पुसायचा आणि जायचा. भाडं थकलं. हिच्या बांगड्या गेल्या. लंबू पैसे देतो म्हणाला होता, कबूल करतो. मी साफ नाही म्हटलं. मित्राचा पैसा घेतला की पैसाही जातो आणि मित्रही.

आणि एक दिवस हातगाडीवाला उभा. स्टेशनमागच्या लॉजमध्ये खोल्याखोल्यांतून लावायच्यात, सगळ्या द्या. घासाघीस नाही, रोख रक्कम. त्या लॉजच्या मालकाचं तोंड मी आजतागायत पाहिलेलं नाही. याला विक्री म्हणतात! ना ओळख, ना देख. माल पटला, पैसे टाकले. आजचं दुकान त्या पैशावर उभं आहे.

१५ फेब्रुवारी

काल बोललो. झालं एकदाचं.

डेंटिस्ट होता, लंबू होता. कंपूतला शिंपी कामात होता म्हणून आला नाही. लंबूनं यादीच काढली, कोणाला कुठलं चित्र. मला तळ्याचं. तळं! मोबाइलवर दाखवलं तेव्हा मला ते ताटात सांडलेल्या वरणासारखं दिसलं होतं. हसण्यावारी नेलं असतं, पण तो म्हणाला, पैसे सावकाश दे. म्हणजे उधारी माझ्याच डोक्यावर! तेव्हा लॉजवाल्याची सगळी गोष्ट ऐकवली त्याला, आणि वर म्हटलं,

"परक्यानं विकत घेतलं तर माल. मित्रानं घेतलं तर भीक. मी तीस वर्षांत भीक मागितली नाही."

डेंटिस्ट मोबाइलमध्ये शिरला. लंबू चिडला नाही, तेच मला आवडलं नाही. मग म्हणाला, "खरंय. तुझी गोष्ट वेगळी." यादीची घडी केली, खिशात घातली, वाकून चपला शोधल्या आणि गेला.

कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

१६ फेब्रुवारी

लंबू आला नाही.

२१ फेब्रुवारी

आठवडा झाला. खुर्चीवर एक गिऱ्हाईक बसलं, तर मी उगाच त्याला स्टूल दिलं. आज दोन पट्ट्यांचे कोपरे चुकीचे कापले. शांततेत काम नीट होत नाही. दुसरं काही नाही.

२ मार्च

प्रदर्शन. गेलो नाही. ही गेली. संध्याकाळी रिक्षातून उतरली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून. शिवणाचे पैसे साठवले होते तिनं, त्यातून घेतलं. तिचे पैसे, तिची भीड.

हिचा वृत्तान्त: लोक बरे होते, चहा पातळ होता. डेंटिस्टनं दोन घेतली, दवाखान्यासाठी. (बिचारे पेशंट. आधी कविता, आता तळं.) वहिनी फार खुशीत होत्या, म्हणाल्या, इतक्या वर्षांनी माळा रिकामा झाला. चौकटी पडून पडून वाया चालल्या होत्या, म्हणून तर ह्यांनी ब्रश हातात धरला. आधी चौकटी, मग चित्रं!

म्हणजे घोड्याआधी नाल. म्हणूनच चित्रं तशी आहेत.

गठ्ठा दाराआड ठेवला आहे. सोडणार नाही.

६ मार्च

लंबूचा पत्ता नाही. शिंपी सांगत होता, चाललंय बरं त्याचं, सकाळी फिरायला भेटतो. तुझी चौकशी करतो म्हणाला. म्हटलं, दुकान कुठं आहे ते माहीत आहे त्याला.

९ मार्च

ही सकाळपासून मागे लागली, खिळा ठोका. शेवटी गठ्ठा सोडला.

तळंच आहे. माझ्यासाठी ठेवलेलं तळंच उचलून आणलं हिनं. वरणासारखं काही दिसलं नाही, पाण्यासारखंच दिसलं. उजेडाचा फरक असेल. त्यावरची काच हिरवट.

पालथं केलं. सवय आहे, चौकट हातात आली की मी आधी पाठ बघतो. जोड घट्ट. तीस वर्षांत कोपऱ्यात नख शिरेल एवढीसुद्धा फट नाही. खालच्या पट्टीवर उजवीकडे पटाशीचे दोन काप, एक लांब, एक आखूड. ती खूण मी पहिल्या वर्षी करायचो. नंतर सोडून दिली, वेळ जातो म्हणून.

टेप लावला. चौदा बाय सव्वाएकोणीस.

हिला विचारलं, सगळी चित्रं ह्याच मापाची होती? म्हणाली, हो की, सगळ्या भिंतीवर एकसारखी. छान दिसत होतं.

लॉज बंद पडलं असेल. सामान लिलावात निघालं असेल. लंबूनं स्वस्तात उचललं असेल. असंच असणार. दुसरं काय असणार?

खिळा ठोकला नाही.

१० मार्च

शिंप्याचा जन्म स्टेशनमागच्या गल्लीतला, आजही तिथंच राहतो. शटर उघडायच्या आधी त्याच्याकडे गेलो. उभ्या उभ्याच विचारलं.

तिथं आधी लाकडाची वखार होती, नंतर गोदाम झालं. लॉज कधीच नव्हतं.