शेवटाकडचा घोडेस्वार

बाबा, तुम्ही गेल्यावर साउथहॅम्प्टनचं घर विकलं. आई माझ्याकडे हॅरोला राहायला आली, पण तुमचं ते चित्र बरोबर आणायला ती तयार नव्हती. जुन्या स्कॉटिश पार्लमेंटच्या मिरवणुकीचं, घोडेस्वारांच्या रांगाच रांगा असलेलं, छापील. डॉक्टरकीच्या परीक्षेला एडिंबरोला गेलात तेव्हा तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तुम्ही ते आणलं होतंत.

ते किचनमध्ये होतं, जेवणाच्या टेबलासमोर. मला अजून दिसतं, रविवारी हॉस्पिटलातले तुमचे मित्र जेवायला येतात, तुम्ही पोळ्यांचा डबा घेऊन वाढत फिरता आहात. कोणी चित्राबद्दल विचारलं की मिरवणुकीच्या शेवटाकडे बोट ठेवता. "हा मी. वॉर्ड राउंडला साहेब पुढे, आणि हे आम्ही, शेपटाला." सगळे हसतात. आई आमटी ढवळत राहते. तुम्हाला शेवटपर्यंत कन्सल्टंट, म्हणजे वॉर्डचा मुख्य डॉक्टर, केलं नाही, हे तिला रोज त्या भिंतीवर दिसत असे. सामान बांधताना ती म्हणाली, "चॅरिटी शॉपला देऊन टाक. शेपटाला राहिल्याची कसली फ्रेम करायची?"

मी ते गाडीत ठेवलं, पण दुकानात नेलं नाही. पुढच्याच आठवड्यात ऑफिसच्या कामाने एडिंबरोला गेले आणि तिथल्या एका म्युझियममध्ये तेच चित्र दिसलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, त्या मिरवणुकीत कमी मानाचे आधी निघत. पुढे शहरांचे प्रतिनिधी, त्यांच्यामागे लहानमोठे सरदार, आणि राजमुकुट व राजाचा प्रतिनिधी शेवटाकडे. तुम्ही ती मिरवणूक वॉर्ड राउंडसारखी वाचली होतीत.

मी तिथूनच आईला फोन केला. सगळं सांगितलं.

"मग ते बोट ठेवायचे तो कोण?"

"राजाचा प्रतिनिधी. मुकुटाच्या मागचा."

"तुला नक्की आठवतंय?"

"नक्की."

"तरीच," ती म्हणाली, "त्याचा घोडा बरा होता."

आता चित्र हॅरोला, पुढच्या खोलीत आहे. काच आईच पुसते. माझ्या मैत्रिणी आल्या की ती त्यांना चहाआधी तिथे नेते आणि सांगते, "हे आमचे हे."

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहिते. मुकुटाच्या मागेपुढे बरेच घोडेस्वार आहेत, आणि घोडे सगळ्यांचेच बरे आहेत. तुमचं बोट त्यातल्या कोणावर असायचं, ते मला आठवत नाही.