अडकलेल्यांशी बोलण्याची नोकरी

तीर्थस्वरूप मामास,

साष्टांग नमस्कार. मान धरली आहे, त्यामुळे तो पुरता वाकून झालेला नाही; उरलेला भेटीत करीन. मामींचा खोकला कसा आहे? फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनवर कुजबुजलेलंही बाबांना शेवटच्या खोलीत ऐकू जातं, आणि हे प्रकरण त्यांच्यापासूनच लपवायचं आहे.

पदवीचा निकाल लागला त्याच संध्याकाळी बाबांनी कपाटाच्या दारावर माझ्या आयुष्याचा तक्ता चिकटवला. बाविसाव्या वर्षी बँकेची परीक्षा, पस्तिसाव्या वर्षी शाखाधिकारी, साठाव्या वर्षी निवृत्ती (पुढे कागद संपल्यामुळे मला मोकळीक आहे). परीक्षेत मी दोनदा आपटले. बाबांनी खोडरबर घेतलं आणि सगळी वर्षं पुढे सरकवली. त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हणून मी गुपचूप एका लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत कारकुनाच्या जागेसाठी मुलाखतीला गेले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मला तक्रारींच्या खोलीत बसवलं होतं, तिथली बाई जेवायला गेलेली, आणि फोन वाजायचा थांबेना. शेवटी मीच उचलला. एक आजी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकलेल्या. भिंतीवर काय बोलायचं ते छापून लावलं होतं, ते मी वाचून दाखवलं: 'घाबरू नका, आमचा माणूस निघाला आहे.' आजी म्हणाल्या, "घाबरू नका म्हणायला तुझं काय जातंय?" बरोबरच होतं. मग मी विचारलं, पिशवीत काय आहे? टोमॅटो निघाले. टोमॅटोवरून गाडी सुनेवर आली आणि सुनेवरून धाकट्या बहिणीवर, जिच्याशी त्या अकरा वर्षं बोललेल्या नाहीत. पस्तीस मिनिटांनी मेकॅनिकने दार उघडलं तेव्हा आजी त्याला म्हणाल्या, "दोन मिनिटं थांब रे, हिला एवढं सांगून होऊ दे."

तेवढ्या वेळात माझं नाव तीनदा पुकारून झालं आणि कारकुनाची जागा दुसऱ्याच कुणाला गेली. पण साहेब दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी मला तक्रारींच्या फोनवर घेतलं. सहा महिने बघतील, मग कायम.

मामा, खरं सांगते, ती परीक्षा मला तिसऱ्यांदा द्यायची नाही. त्या पस्तीस मिनिटांत मी पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडले. ही नोकरी मला फार हवी आहे.

तुमची भाची

ता. क. हे सगळं बाबांना तुम्ही सांगावं. तुमचं ते ऐकतात (निदान मधेच उठून जात नाहीत).

आणखी एक ता. क. नेमणूक तुमच्या शहरातल्या शाखेत आहे. रविवारी सामानासकट येते आहे. मामींनाही तुम्हीच सांगा.

मेहुणे,
हे पाकीट पोस्टात टाकायला तिने बापाकडेच दिलं, यावरून तिच्या नियोजनाची कल्पना यावी. चिकटवलेलंही नव्हतं. वाचलं. माझी हरकत नाही. मला विचारलं असतं तरी हेच म्हणालो असतो, फक्त दोन दिवस लागले असते. तुम्ही पाचव्या मजल्यावर राहता. पोरगी लहानपणापासून लिफ्टला घाबरते, अजून जिन्यानेच जाते. हे कंपनीला सांगितलेलं दिसत नाही. पहिले काही दिवस तिच्यासोबत लिफ्टने वर-खाली करा. धीर वगैरे देऊ नका. पिशवीत काय आहे, एवढंच विचारा.